नवीन चष्मा कानामागे टोचतो आणि सारखा घसरतो. दुकानदार म्हणतो, "सवय होईल." खरंच होते का?

नाही होत. नंबरची सवय होते, टोचण्याची होत नाही. तुमच्या दुकानदाराचं वाक्य वाचलं आणि अण्णांच्या गळ्यातला पट्टा डोळ्यांपुढे आला, म्हणून लिहायला बसले.

अण्णा म्हणजे माझे वडील. मानवतच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. चाळीस वर्षं मान खाली घालून खतावण्या लिहिल्या, पण मान दुखते म्हणून कधी तक्रार नव्हती. दादा पुण्याला असतो. त्यानं हौसेनं तिकडच्या एका मोठ्या दुकानात नेऊन त्यांना साडेअकरा हजारांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा घेऊन दिला, म्हणजे एकाच भिंगात वर लांबचं आणि खाली वाचायचं. नंबर काढला, फ्रेम पसंत केली, झालं. अण्णा समोर बसलेले असताना फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवून भिंगाची उंची कुणी मोजली नाही.

महिनाभरात मान आखडायला लागली. डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला. पट्टा घातला की बरं वाटायचं, काढला की पुन्हा तेच. मी दादाला फोनवर म्हटलं, "हे चष्मा आल्यापासून सुरू झालंय." तर म्हणाला, "चष्म्यानं कुठं मान दुखती का? वय झालंय त्यांचं. तुला काय कळतंय त्यातलं?" पाच महिने असेच गेले.

एकदा माहेरी गेले तेव्हा अण्णा पट्टा काढून ओसरीवर कापसाची पावती वाचत बसले होते. हनुवटी पार आढ्याकडे, नजर खाली, आणि डाव्या हाताच्या बोटानं चष्मा वर ढकलून धरलेला. बोट काढलं की अक्षरं गेली. म्हणाले, "असं केलं की दिसतंय माय."

दुसऱ्याच दिवशी त्यांना परभणीला घेऊन आले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चाचांच्या चष्म्याच्या दुकानात. चाचांनी नंबर नंतर बघितला. आधी काड्या उघडून चष्मा उलटा केला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. एक बाजू टेकेचना, बोट लावलं की डुगडुगायचा. मग भिंग उजेडात तिरपं धरलं. प्रोग्रेसिव्ह भिंगावर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर, सहजासहजी दिसत नाहीत. त्यांच्या आधारानं चाचांनी पेननं फुली काढली आणि चष्मा अण्णांना घातला. फुली डोळ्याच्या बाहुलीच्या मध्यावर यायला हवी. ती 5 मिलिमीटर खाली होती. म्हणजे वाचायचा भाग जवळजवळ गालावर. हनुवटी वर केल्याशिवाय अण्णांना वाचताच येत नव्हतं, आणि पट्टा नेमकी हनुवटीच उचलून धरायचा. पट्ट्यात बरं वाटायचं ते त्यामुळे.

चाचांनी पक्कडीनं नाकाचे पॅड जवळ घेतले, तसा चष्मा वर चढला. फ्रेमची खालची कड गालाकडे थोडी झुकवली. दोन-तीन मिलिमीटर तिथंच भरून निघाले. राहिलेल्यासाठी बाहुलीची उंची मोजून त्याच फ्रेममध्ये नवी भिंगं बसवली. पंधरा दिवसांत पट्टा खुंटीला लागला.

आता तुमचं. टोचणं आणि घसरणं ही बहुतेक वेळा एकाच खोडीची दोन तोंडं असतात. काडीचा बाक कुठे येतो ते आरशात बघा. कानाची वरची कड ओलांडली की लगेच बाक सुरू व्हायला हवा. त्याआधी आला तर कानाच्या मुळाशी रुततो, फार मागे गेला तर चष्म्याला धरायला काही उरत नाही. चष्मा घसरतो म्हटलं की दुकानदार काड्या आत दाबून देतात, मग कानशिलं आवळतात आणि चष्मा उलट पुढे सरकतो. दाबून घेऊ नका, बाक बदलून मागा. काडीच्या आतल्या बाजूला 52-18-140 असे आकडे असतात: भिंगाची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी. अंगवळणी पडलेला जुना चष्मा असेल तर त्याच्या आकड्यांशी ताडून बघा. आपल्याकडे मे महिन्यात 42 डिग्रीच्या घामात थोडं घसरणारच, त्याला सिलिकॉनचे मऊ पॅड लावून मिळतात.

आणि चष्मा घातल्यावर जो माणूस तुमच्या कानामागे वाकून बघत नाही, त्याच्याकडून घेऊच नका, दुकान कितीही झगझगीत असू द्या.

हेही सांगायला हवं, की नवा नंबर, त्यातही सिलिंड्रिकल (तिरपा नंबर) किंवा प्रोग्रेसिव्ह असेल, तर आठ-पंधरा दिवस जमीन वरखाली वाटू शकते. ती खरी सवयीची गोष्ट. प्रत्येक मानदुखी चष्म्याचीच असते असंही नाही, आणि डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांना चष्म्याचं आम्ही सांगितलंच नव्हतं. फ्रेम घरी गॅसवर गरम करून वाकवू नका, भिंगावरचं कोटिंग तडकतं. टीआर-90 या लवचीक प्लास्टिकची फ्रेम वाकवली तरी बरेचदा परत मूळ आकारात येते, तेव्हा ती घेतानाच नीट बसते का बघा.

दादा अजूनही म्हणतो, पट्ट्यानंच गुण आला. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते. पट्टा पाच महिने गळ्यात होता आणि मान पाचही महिने दुखत होती. जुनी भिंगं मी डबीत ठेवली आहेत, चाचांच्या पेनची फुली अजून आहे त्यांच्यावर. दिवाळीला आलास की काढून दाखवते.