सीपीयू तापतोय? आधी हवेचा मार्ग तपासा

सीपीयू म्हणजे पीसीचा मुख्य प्रोसेसर; तो थंड ठेवणारा नवा कूलर इतक्यात घेऊ नका. रत्नागिरी-मालवणकडच्या खारट, दमट हवेत चिऱ्याची तांबडी धूळ हीटसिंकच्या (सीपीयूची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत चिकटून बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. पीसी बंद करून प्लग काढा, मऊ ब्रशने धूळ सैल करा, मग ब्लोअर मारा. पंख्याची पाती मात्र बोटाने धरून ठेवा. ती गरगर फिरली की बेअरिंग खराब होतं.

आता पंख्यांच्या दिशा तपासा. मोटर धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला, तिकडून हवा बाहेर पडते. पुढचे दोन १२० मिमी पंखे हवा आत घेणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा थोडी जास्त हवी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. पुढच्या जाळीला फिल्टर लावा, पावसाळा सोडून दर महिन्याला धुवा, पूर्ण सुकवूनच बसवा.

कॅबिनेट भिंतीपासून १५ सेंमी पुढे ओढा. बाजूचं झाकण उघडं ठेवायचा सल्ला इथे अजिबात मानू नका: मिठाची हवा थेट मदरबोर्डावर जाते, पालीही शिरतात.

एवढं करूनही गेम खेळताना तापमान ९० अंशांवर राहिलं, तर थर्मल पेस्ट (सीपीयू आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. तुरीच्या डाळीएवढी पुरे.