असेंबल केलेल्या पीसीवर विंडोजचे सिक्युरिटी अपडेट टाकले तर चालतात का?
हो, बिनधास्त टाका. हे अपडेट थेट मायक्रोसॉफ्टकडून येतात, पीसी कोणी जोडला याने फरक पडत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते निघतात. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा, आणि रीस्टार्ट पुढे ढकलत बसू नका.

खरी मेख बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची. ब्रँडेड पीसीला तो अपडेट बऱ्याचदा विंडोजमधूनच मिळतो. असेंबल केलेल्याला मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून स्वतः उतरवावा लागतो. मॉडेलसोबत बोर्डावर छापलेलं रिव्हिजनही (आवृत्ती क्रमांक) जुळवून पाहा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा कोड, दुसरीकडे जपून ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर सगळा डेटा अडकतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेही बघून घ्या.