हप्ता थकला म्हणून वसुली एजंट नातेवाइकांना फोन करून शिवीगाळ करतात. भारतात कायदेशीर काय करता येईल?

आधी पुरावे जपा. कॉल रेकॉर्डिंग, मेसेजचे स्क्रीनशॉट, कोण कधी आलं याची तारीख-वेळेसह नोंद. ऐन वेळी हेच उपयोगी पडतं, आणि घाबरलेला माणूस नेमकं हेच पुसून टाकतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, घरच्यांना-मित्रांना त्रास देणं याला मनाई आहे. एजंटच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच असते. त्यामुळे ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

संस्थेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती मोफत असते, वकीलही लागत नाही.

मारहाणीची धमकी असेल तर मात्र थांबू नका, थेट पोलीस ठाणं गाठा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली तो गुन्हा आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तक्रारीने कर्ज माफ होत नाही, त्यामुळे परतफेडीबद्दलची बोलणी लेखी चालू ठेवा.