घोट्यापासून वर चढलेली निळी शीर

प्रश्न: डॉक्टर, माझं पोळी-भाजी केंद्र आहे, दिवसभर उभीच असते. डाव्या पायाला आतल्या बाजूने घोट्यापासून मांडीपर्यंत निळी शीर फुगलीये. ही कुठली?

उत्तर: ताई, वर्णनावरून ग्रेट सॅफेनस वाटते, शरीरातली सगळ्यात लांब शीर, आतल्या घोट्याच्या पुढून निघते, गुडघ्याशी जरा मागे सरकते आणि मांडीवरून जांघेत जाऊन खोल शिरेला मिळते. (बायपाससाठी पायातून काढतात ना, ती बहुतेक हीच!) हिच्यात झडपा असतात, त्या ढिल्या पडल्या की वर चढलेलं रक्त परत खाली येऊन साचतं. डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, शक्यतो उभं राहूनच, झोपून गळती नीट कळत नाही. पाय अचानक सुजला-दुखला तर मात्र लगेच दवाखाना गाठा.