सीझननंतरची प्रॉस्पेक्ट लीग: पिचर पाठवायच्या आधी जरा थांबा ओ

दादा, बेसबॉल मॅनेजरच्या कॉम्प्युटर गेममध्ये सीझन संपल्यावर होतकरू पोरांची (प्रॉस्पेक्ट) लीग काढायची, ही तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. सहा टीम, 60 मॅचेस, आपले बेस्ट पिचर (बॉल टाकणारे) सगळे तिकडं धाडायचे म्हणजे पोरं लवकर तयार होतील. अगदी हेच केलतं मी. लीग बनवायची कशी, टीमची नावं, ग्राउंड वगैरे तुम्हाला जमलंय असं दिसतंय, त्यामुळं ते सोडतो.

माझ्याकडं 20 वर्षांचा एक डावखुरा होता, डबल-एमध्ये (सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) 140 इनिंग टाकून आलेला, बेसबॉलच्या एका मॅचला नऊ इनिंग असतात. त्याला पण घातला लीगमध्ये. जानेवारी होता, घरचे गड्ड्याच्या जत्रेला चला म्हणून मागं लागलेले, मग काय, ऑटोप्ले लावला (गेम आपोआप पुढं खेळतो) आणि गेलो. पोरीला पाळण्यात बसवलं, भजी खाल्ली, रात्री साडेदहाला येऊन बघतो तर गड्याच्या कोपराचं लिगामेंट फाटलंय, 13 महिने बाहेर. वर ऑटोसेव्ह त्याच फाईलवर झालेला, म्हणजे मागं जायची सोय पण नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन इथल्या एका दुकानात गेलो, जुनी फाईल निघंल का म्हटलं, तर तो म्हणतो "फॉरमॅट मारू का?" वर चेकिंगचे पैसे घेतले ते वेगळेच.

हिशोब सोपा होता, मीच केला नाही. 60 मॅचेस, पाच पिचरचं रोटेशन (आळीपाळीनं मॅच सुरू करायची) म्हणजे एकाला 12 स्टार्ट, सहा-सहा इनिंग धरल्या तरी 72. आधीच्या 140 धरून 212. मेजर लीगमध्ये सुद्धा हल्ली एवढं टाकणारे मोजकेच, आणि आपण 20 वर्षांच्या पोराकडून काढायला बसलो.

खरी अॅरिझोना फॉल लीग बघा की, 1992 पासून चालूय, तिथं पण सहाच टीम, एकेका टीमला मेजर लीगच्या पाच-पाच क्लबांची पोरं, पण मॅचेस साधारण 30 आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खेळ खल्लास. पिचर बऱ्याचदा असा पाठवतात की ज्याचा सीझन दुखापतीत गेलाय आणि इनिंग भरून काढायच्यात. माझ्या मते ही लीग राहून गेलेल्यांची आहे, दमून आलेल्यांची नाही. कुणाला पटणार नाही, चालतंय. आणि हे माझ्याकडच्या गेमच्या व्हर्जनचं सांगतोय, तुमच्याकडं दुखापतीचं सेटिंग कमी असंल तर एवढं होणार पण नाही कदाचित.

बॅटर मात्र बिनधास्त पाठवा. फक्त तिथल्या बॅटिंग अॅव्हरेजवर (.202 म्हणजे हजारात 202 वेळा हिट) भाळू नका. बास्केटबॉलवाला मायकेल जॉर्डन 1994 ला डबल-एमध्ये .202 मारून आला आणि फॉल लीगमध्ये त्यानं .252 काढली, म्हणून काय तो मेजर लीगला पोचला नाही.

अजून एक, लीग नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपंल अशा तारखा टाका. रूल फाइव्ह ड्राफ्ट (यादीबाहेर राहिलेली पोरं दुसरे क्लब उचलू शकतात) डिसेंबरात असतो, त्याच्या आधी क्लबच्या 40 जणांच्या यादीत कुणाला घ्यायचं ते ठरवावं लागतं, आणि ही पोरं डोळ्यासमोर खेळून गेलेली असली की ते सोपं जातं. लीग लांबली तर हा फायदाच गेला.

तारखांना हात लावायच्या आधी फाईलची कॉपी वेगळ्या नावानं पेनड्राईव्हवर घ्या. अडलं तर तारखांचा स्क्रीनशॉट टाका, मी रात्री दहानंतर बघतो, तोपर्यंत माझं दुकान असतं.