मेटाबॉलिझम खरंच स्लो झालाय का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 42, उंची 158 सेंटीमीटर, वजन 68 किलो. चाळिशी ओलांडली आणि वजन चढायलाच लागलं, सगळे म्हणतात तुझा मेटाबॉलिझम स्लो झाला. नवरा पण 42चाच, उंची 172, वजन 78, तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त खातो आणि त्याला काही होत नाही, मी नुसत्या वासानेही फुगते. थायरॉइड चेक केलं, नॉर्मल आहे.

उत्तर: थायरॉइड बघून घेतलंत ते बरं केलंत, नाहीतर पहिलं तेच सांगितलं असतं. आता सरळ हिशोबच मांडू. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी हृदय, मेंदू, लिव्हर, किडन्या चालूच असतात, त्यांचा खर्च म्हणजे बीएमआर. तो काढायचा 1990चा मिफ्लिन-सेंट जोर नावाचा फॉर्म्युला आहे: किलोतलं वजन गुणिले 10, त्यात सेंटीमीटरमधली उंची गुणिले 6.25 मिळवा, वयाची पाचपट वजा करा, मग बायकांचे अजून 161 वजा आणि पुरुषांना वरून 5 बोनस. तुमचे येतात साधारण 1300 कॅलरी, नवऱ्याचे 1650. म्हणजे तो लोळत पडला तरी रोज तुमच्यापेक्षा साडेतीनशे जास्त जाळणार! अन्याय आहे, मान्य, पण यात तुमचं काही बिघडलेलं नाही, त्याचं शरीर मोठं आणि मसल जास्त, एवढंच. (हा अंदाज आहे हं, शे-दीडशे इकडेतिकडे होतात.)

आणि ते चाळिशीचं. 2021 मध्ये सायन्स जर्नलमध्ये मोठा अभ्यास आला, 6400 पेक्षा जास्त माणसं, 8 दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांपर्यंत, आणि शरीराचा आकार, मसल वगैरे हिशोबात धरल्यावर 20 ते 60 या वयात खर्च जवळपास तेवढाच निघाला. साठीनंतर मात्र वर्षाला 0.7 टक्के उतरतो. फॉर्म्युल्यात वय वजा होतं खरं, पण दहा वर्षांचे मिळून 50 कॅलरी, त्यावर किती खापर फोडणार?

मग वजन वाढलं कशाने? बीएमआर हा एकूण खर्चाचा 60 ते 70 टक्के, अन्न पचवायला साधारण 10, उरलेलं सगळं हालचालीत जातं, आणि गडबड बहुतेक वेळा इथेच असते. जिमचा तास सोडा, उठबस, जिने, फोनवर बोलताना येरझाऱ्या, ह्याच्यानेच दोन सारख्या माणसांत रोज शेकडो कॅलरींचा फरक पडतो. दुसरी गोष्ट सांगतो, रागावू नका. 1992च्या एका अभ्यासात ‘कमी खातो तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्या लोकांचं मोजमाप केलं, तर मेटाबॉलिझम ठीकठाक, पण खाणं मात्र खऱ्यापेक्षा सरासरी 47 टक्के कमी सांगितलेलं. ते काही खोटारडे नव्हते, येताजाता तोंडात टाकलेलं कोण लक्षात ठेवतं? आठवडाभर तोंडात जाईल ते तेव्हाच्या तेव्हा लिहा, रात्री आठवून नाही.

प्रश्न: मसल वाढवले की झोपेत पण फॅट जळतं म्हणे, किती?

उत्तर: फार नाही. एक किलो मसल आरामात दिवसाला साधारण 13 कॅलरी खातो, एक किलो फॅट साडेचार. म्हणजे मेहनत करून 2 किलो मसल कमावलेत तर रोजचे 26. वजनं उचला, हाडांसाठी, शुगरसाठी, म्हातारपणी खुर्चीतून उठता यावं म्हणून उचला, पण झोपेत बारीक व्हायला नको.

प्रश्न: घाम काढणारा बेल्ट पोटाला बांधून चालतो, अर्धा किलो लगेच उतरतं. फॅटच जळतं ना हे?

उत्तर: नाही हो, पाणी जातं ते. फॅट जळल्यावर त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, 10 किलो फॅट पूर्ण जळलं तर त्यातलं 8.4 किलो श्वासातून बाहेर पडतं आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. बेल्टने ह्यात काडीचा फरक पडत नाही, उलट उकाड्यात डिहायड्रेशन व्हायचं. चालणं चालू ठेवा, बेल्ट काढा, आणि पाणी प्यायल्यावर काटा पुन्हा जागेवर आला तर घाबरू नका.