चार चौकटींचं भूत

प्रश्न : दादा, माझ्याकडे कॉम्प्युटर चांगला आहे, मोठमोठे गेम घेऊन ठेवलेत, पण ते तसेच पडून आणि मी रात्री बसतो ते कुणीतरी एकट्याने बनवलेले, दोन तासांत संपणारे, ग्राफिक्सच्या नावाने बोंब असलेले हॉरर गेम खेळत. मित्र हसतात. पण खरं सांगतो, घाबरतो मी त्यातच जास्त. असं का?

उत्तर : हसू दे रे त्यांना. ग्राफिक्सची बोंब म्हणतोस ना, अर्धी भीती तिथेच आहे. भूत एकदा स्वच्छ दिसलं की ते नुसतं बुजगावणं, पण चार चौकटींचा धूसर चेहरा असला की त्याचे डोळे-तोंड तू स्वतः भरतोस आणि तू कशाला टरकतोस हे तुझ्या मनाला बरोब्बर माहीत असतं. १९९९ च्या सायलेंट हिल या हॉरर गेममधलं धुकं आठव, जुन्या प्लेस्टेशनला लांबचं दाखवणं झेपत नव्हतं ते त्याने झाकलं आणि लोक अजून त्या धुक्याचंच नाव काढतात.

२०२२ चा आयर्न लंग खेळलायस? रक्ताचा समुद्र, गंजकी पाणबुडी, खिडकी बंद. आकडे बघत चालवायची, आणि बाहेर काय आहे कळायला बटण दाबून एक दाणेदार काळापांढरा फोटो. बस्स. अख्खा समुद्र बनवायला पैसा लागतो, फोटोला कितीसा लागणार!

आणि माझ्या मते खरी गंमत भरवशाची आहे. मोठ्या गेममागे शेकडो पगार असतात, तू अडकून वैतागून सोडून जाऊ नयेस म्हणून ते तुला सांभाळून घेतात, मेलास तर दोन पावलं मागून परत सुरू. एकट्या माणसाच्या गेममध्ये तो भरवसाच नसतो. आवाज मधेच तुटला, भिंतीतून हात आला, गेम धाडकन बंद पडला, तर हा बग की मुद्दाम केलंय? तेच कळत नाही, आणि परत सुरू करताना हात जरा थांबतो.

अर्थात त्यात कचराही ढीगभर आहे, नुसतं कानाशी किंचाळणारे. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात, तसल्यांना बिनधास्त परत कर. फक्त आवडलेला छोटा गेम दीड तासात संपवून रिफंड मागू नकोस बाबा, तिकडे एकटाच माणूस बसलाय.